जिनिंगची वीज आणि अप्पांचा रेडिओ

परभणीच्या स्टेशन रोडवर मी दुकान टाकलं, तेव्हा जिल्ह्यात कोणाकोणाकडे रेडिओ आहे ते मला तोंडपाठ होतं. निजामाचं राज्य होतं. रेडिओ ठेवायला परवाना लागायचा, आणि रेडिओ दुरुस्त करणारा माणूस म्हणजे लोकांना अर्धा वैद्य, अर्धा मांत्रिक वाटायचा. मी दोन्ही नव्हतो. हैदराबादेत एका उस्तादांच्या हाताखाली काही वर्षं राहून रेडिओ उघडायला, झाळायला आणि मुख्य म्हणजे कधी हात लावायचा नाही ते शिकलो होतो. उस्ताद शिकवायचे उर्दूत आणि रागवायचे दखनीत. त्यामुळे त्यांचं रागावणंच जास्त लक्षात राहिलं.

लोकांना वाटायचं, रेडिओ वाजून वाजून झिजतो. माझा अनुभव निराळा होता. माझ्याकडे येणारे बहुतेक रेडिओ स्वतःच्या दोषानं बिघडलेले नसायचे, त्यांना विजेनं मारलेलं असायचं. कधी आभाळातल्या, कधी माणसानं केलेल्या. म्हणून दुरुस्तीपेक्षा राखण हेच माझं खरं काम होऊन बसलं. आज घरात टीव्ही, फ्रिज आला की शेजारी एक लहानशी पेटी आपोआप येते. तेव्हा तशी पेटी कुठं मिळत नव्हती. जे करायचं ते हातानं, त्या त्या घराकडे बघून करावं लागायचं.

राणीसावरगावच्या एका देशमुखांकडे बॅटरीवरचा रेडिओ होता. वीज गावात नव्हतीच, पण एरियलची तार त्यांनी वाड्यातल्या सगळ्यात उंच लिंबाला बांधली होती. पावसाळ्यात वीज कडाडली आणि रेडिओची आतून राख झाली. देशमुखांनी नवा रेडिओ आणला आणि लिंबाला ताईत बांधला. मी ताईत राहू दिला, फक्त तारेला एक खटका बसवला. आभाळ भरून आलं की खटका पाडायचा, म्हणजे वरची वीज रेडिओत न शिरता तारेवाटे सरळ जमिनीत जाते. जमिनीत तांब्याचा पत्रा पुरला आणि सांगितलं, "इथली माती कायम ओली राहिली पाहिजे." पुढच्या खेपेला गेलो तर देशमुखीणबाईंनी तिथं तुळस लावली होती. रोज पाणी पडत होतं. इतकं चांगलं अर्थिंग मी माझ्या हातानं कुठं दिलं नाही. श्रेय मात्र ताईताला मिळालं.

पण आभाळातली वीज वर्षातून चार महिन्यांची पाहुणी. माणसाच्या विजेचं तसं नव्हतं. जिल्ह्यात तेव्हा वीज होती ती अशीच कुठं कुठं, बहुतेक कापसाच्या जिनिंगमध्ये. पुढं वीज देणारं येलदरीचं धरण तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. जिंतूरला एका सेठचं जिनिंग होतं. तेलावर चालणारं मोठं इंजिन, त्यावर पट्ट्यांनी फिरणाऱ्या, कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यांची रांग, आणि कोपऱ्यात त्याच इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक डायनामो. तो जिनिंगच्या दिव्यांसाठी होता. सेठनी हौसेनं पेठेतल्या चार-सहा घरांनाही तार ओढून दिली होती. त्यातलं एक घर शिवलिंगअप्पांचं.

अप्पा धान्याचे आडते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती आणि त्यांनी हैदराबादहून विजेवर चालणारा रेडिओ मागवला होता. पेठेत सगळे म्हणायचे, अप्पांना मुंबईचे भाव ऐकायचे असतील. मीही तेच समजत होतो.

तो रेडिओ माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा आतले दिवे, ज्यांना आम्ही व्हॉल्व्ह म्हणतो, ते जळाले होते. बदलून दिले. महिन्याभरात पुन्हा तेच. लढाईनं व्हॉल्व्ह दुर्मीळ करून ठेवले होते. दुसऱ्या वेळी मी माझ्या उस्तादांच्या कपाटातून शेवटचा संच मागून आणला आणि अप्पांना म्हणालो, "आता पेटी परभणीला पाठवू नका. मीच जिंतूरला येतो. रोग पेटीत नाही, तुमच्या घरात येतोय."

सर्व्हिस मोटारीनं जिंतूरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. बैठकीत बसलो आणि रेडिओ लावलाच नाही. नुसता छताच्या दिव्याकडे बघत राहिलो. दिवा श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होत होता. अप्पांना वाटलं मी दमलोय. त्यांनी तक्क्या पुढं सरकवला.

जिनिंगमध्ये जाऊन बघितलं आणि सगळं कळलं. रेच्यांत कापूस जास्त पडला की इंजिन जड होतं, वेग उतरतो, दिवे मंदावतात. मग डायनामोपाशी एक चाक असतं ते फिरवून वीज चढवायची. पण दिवेलागणीला कामाच्या बाया घरी जायला निघाल्या की रेच्यांचे पट्टे एकेक करून उतरवतात. इंजिन एकदम हलकं होतं आणि घोड्यासारखं उधळतं. चाक मात्र चढवलेलंच राहिलेलं. मग दिवे असे भडकतात की डोळे दिपतात. दिव्याला ते क्षणभर सोसतं, रेडिओच्या व्हॉल्व्हला सोसत नाही. रोज संध्याकाळी अप्पांच्या रेडिओवर हा वार होत होता.

मी दोन-तीन गोष्टी केल्या. रेडिओच्या वाटेत एक वेगळा दिवा बसवला. त्याचं काम उजेडाचं नव्हे. वीज वाढली की तो जास्त पेटतो आणि जास्तीचा जोर स्वतःवर घेतो, पुढं रेडिओला बेतानंच जातं. त्याच्या आधी बारीक फ्यूजची तार, म्हणजे अगदीच हाताबाहेर गेलं तर ती तुटेल, पेटी वाचेल. आणि डायनामोच्या ठिणग्यांमुळे आवाजात जी घरघर यायची, ती अडवायला तारेच्या वेटोळ्यांची एक डबी. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगचं इंजिन सुरू झाल्यावर रेडिओ लावला. आवाज स्वच्छ आला. अप्पांनी पेटीवर कापड नीट घातलं, ते मी पाहिलं.

निघायच्या आधी पार्वतीबाईंनी, अप्पांच्या मंडळींनी, मला माजघराच्या दाराशी चहाला बोलावलं. त्यांनी कप हातात दिला आणि आवाज उतरवून विचारलं, "भाऊ, येत्या सोमवारी सांजच्याला ही पेटी नक्की चालंल ना?"

"चालेल की. काय आहे सोमवारी?"

बैठकीतून कोणी ऐकत नाही ना, ते त्यांनी वळून बघितलं. मग म्हणाल्या, "माझी गिरिजा गाणार हाय. मुंबईच्या रेडिओवर. माझ्या बहिणीनं सांगावा धाडलाय मानवतहून. आमच्या ह्यांना बोलू नका. तिचं नाव घरात काढायचं न्हाई, असा हुकूम हाय."

गिरिजा त्यांची एकुलती एक लेक. हे मला पेठेत आधी ऐकू आलं होतं. तिला गळा होता म्हणून अप्पांनीच हौसेनं बाजाची पेटी शिकवायला मास्तर लावले होते. अप्पांनी ठरवलेलं स्थळ नाकारून तिनं त्या परजातीच्या मास्तरांशी लग्न केलं आणि दोघं मुंबईला निघून गेले. तेव्हापासून या घरात तिचं नाव नव्हतं. पार्वतीबाई म्हणाल्या, "मला गाणं समजत न्हाई, भाऊ. तिचा नुसता आवाज ऐकायचाय. हे आडतीवरून यायच्या आत झालं तर बरं, न्हाई झालं तर मी काहीतरी निमित्त काढीन."

मी शब्द दिला.

हत्यारांची पिशवी घेऊन ओसरीवर आलो तर अप्पा उभे होते. माझ्याबरोबर नाक्यापर्यंत चालत आले. हे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. बराच वेळ कापसाच्या गाड्यांबद्दल बोलले. नाका आल्यावर थांबले.

"मिस्त्री, सोमवारी तुमी जिंतूरला असाल का?"

"का हो?"

"सांजच्याला मला रेडिओ लावायचाय. मुंबईचा एक दलाल आलता कापूस बगायला. त्यानं सांगितलं, त्या वक्ताला एक बाई गाणार हाय." त्यांनी उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "मधी बंद पडू देऊ नका. अन् घरात बोलू नका. गिरिजाच्या मायला लय तरास होईल."

ते नाव त्यांच्या तोंडून अगदी सहज निघून गेलं. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. ते लगेच मागं वळले. रेडिओ भावांसाठी आणला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

मोटारीत बसलो खरा, पण परभणीपर्यंत डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. गाणं दिवेलागणीचं. म्हणजे नेमका पट्टे उतरवायचा वेळ. माझा दिवा, माझी फ्यूज रेडिओ वाचवतील. पण फ्यूज तुटली तर रेडिओ वाचेल आणि गाणं जाईल. एरवी माझ्या कामाला एवढं पुरे होतं. या वेळी पुरे नव्हतं.

सोमवारी दुपारीच जिंतूर गाठलं आणि सरळ जिनिंगमध्ये गेलो. तिथले इंजिनवाले इस्माईलभाई. पन्नाशीचे, कानानं थोडे कमी, पण इंजिनाच्या आवाजातला एवढासा फरकही त्यांना तळपायानं कळायचा. त्यांना मी सगळं सांगितलं. शब्द दिलेला मोडला म्हणा हवं तर, पण त्यांच्याशिवाय काही होणार नव्हतं.

त्यांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गिरिजा बिटिया? बैलगाडी पे बैठ के आती थी बाप के साथ. सरकी खाती थी."

"पट्टे थोडे उशिरा उतरवता येतील का?"

"औरताँ को कैसा रोकूँ? घर में बच्चे राह देखते."

"मग लवकर?"

"सेठ की रुई की गाठाँ जाना है. जल्दी बंद करा तो नौकरी गई."

त्यांनी तेलाचे हात चिंधीला पुसले आणि डायनामोकडे बोट दाखवलं. "इंजन मैं सँभालतौं. एक एक पट्टा हौले से उतारूँगा. तू चक्के पे खड़ा रह. सुई हिली, तो चक्का घुमा. इतना कर सकता?"

"करतो."

"नजर हटाना नक्को."

अप्पांच्या घरी जाऊन मी रेडिओ लावून, मुंबई पकडून दिली. सगळं तपासलं. अप्पा आडतीवरून लवकर आले होते आणि वही उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते. आत पार्वतीबाई भांडी घासत होत्या, स्वच्छ भांडीसुद्धा. दोघांनाही मी म्हणालो, "मी जिनिंगमध्ये असेन. काळजी करू नका."

जिनिंगमध्ये परत आलो तेव्हा दिवे लागले होते. रेच्यांचा खडखडाट असा की शेजारी उभ्या माणसानं ओरडलं तरी ऐकू येऊ नये. हवेत कापसाचे तंतू. मी चाकावर हात ठेवला आणि समोरच्या घड्याळासारख्या तबकडीतल्या सुईकडे बघत उभा राहिलो. विजेचा जोर किती आहे ते ती सुई दाखवते. बाया उठू लागल्या, पदर झाडू लागल्या. इस्माईलभाईंनी हात वर केला आणि पहिला पट्टा उतरवला. सुई वर सरकली. मी चाक मागं घेतलं. सुई जागेवर आली. दुसरा पट्टा. पुन्हा तसंच. आमचा ताल जमला. ते माझ्याकडे बघत, मी मान हलवली की पुढचा पट्टा काढत.

अर्ध्या रेच्या बंद झाल्या असतील. तेवढ्यात पलीकडच्या एका रेचीत कापसाचा गोळा अडकला. पट्टा करकरला आणि आपोआप निसटून जमिनीवर आपटला. बाया बाजूला झाल्या. इंजिन उधळलं. सुई एकदम उजवीकडे गेली. मी चाक दोन्ही हातांनी मागं ओढलं. डोक्यावरचा दिवा पांढरा झाला होता. इस्माईलभाई पट्ट्याकडे न बघता इंजिनाच्या तेलाच्या दांड्याकडे धावले आणि त्यांनी तेल कमी केलं. सुई हळूहळू उतरली, थोडी जास्तच उतरली, मग मी तिला वर आणली. पुन्हा जागेवर. मला वाटलं, झालं, फ्यूज गेली असणार. पण तिथून हलता येत नव्हतं. उरलेले पट्टे उतरवायचे होते. शेवटचा पट्टा निघेपर्यंत मी सुईवरून डोळे काढले नाहीत.

सगळं शांत झालं. इंजिन आता फक्त दिव्यांसाठी मंद चालत होतं. इस्माईलभाई माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "जा. देख के आ."

मी पेठेतून जवळजवळ पळत गेलो. बैठकीत रेडिओ बंद होता. अप्पा गादीवर बसले होते. पार्वतीबाई आतल्या उंबऱ्यावर नव्हत्या, बैठकीतच, गादीच्या कडेला बसल्या होत्या. मी दारातच थांबलो. रेडिओच्या मागं माझा तो दिवा विझलेला होता. मी पुढं झालो, फ्यूज बघितली. शाबूत होती.

"आमीच बंद केला," अप्पा म्हणाले. "त्यानंतर दुसरं काही ऐकायचं नव्हतं."

सकाळी पार्वतीबाईंनी मला काय झालं ते सांगितलं. "रेडिओवाल्यानं गिरिजाबाई म्हून नाव घेतलं. मला वाटलं, आता हे बंद करतील. मी आतून धावत आले. बगते तर ह्यांचा हात आधीच बटणावर. मला म्हणले, 'मोठा करायलोय. तुला आत ऐकू यायना.' मग सरकून बसले. मधी तो तुमचा दिवा लय भडकला, भाऊ. मी डोळे मिटून घेतले. पण आवाज तुटला न्हाई. गात राहिली माझी लेक."

अप्पांना मी विचारलं, गाणं कसं होतं.

"मला कुठं कळतंय गाण्यातलं," ते म्हणाले. "आवाज माझ्या मायचा हाय. ती लहान होती तवा कळलं न्हाई मला ते."

मी स्वतः ते गाणं ऐकलं नाही. कोणतं होतं तेही मला ठाऊक नाही. पार्वतीबाईंना शब्द आठवत नव्हते आणि अप्पांना राग-ताल कळत नव्हता. ज्या गाण्यासाठी मी आयुष्यात सगळ्यात नीट काम केलं, त्या वेळी माझ्या कानात फक्त रेच्यांचा खडखडाट होता. याची हळहळ मला वाटते. आमच्या धंद्यात तसंही काम चोख झालं तर दाखवायला काही उरत नाही. जळालेली पेटी दुरुस्त केली तर लोक हात जोडतात, न जळालेल्या पेटीचे आभार कोण मानणार? इस्माईलभाईंचे तर कोणीच मानले नाहीत. मीही म्हणालो ते एवढंच, "चलता हूँ." पुढं दोन वर्षांनी निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीत ते जिंतूर सोडून गेले. कुठं गेले ते मी पुष्कळांना विचारलं. कोणी म्हणे हैदराबाद, कोणी म्हणे आणखी लांब. नंतर जिनिंगमध्ये नवं इंजिन आलं, नवा माणूस आला. त्याला चाकाकडे बघायला वेळ नसायचा.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. त्या सोमवारनंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, अप्पा आणि पार्वतीबाई माझ्या परभणीच्या दुकानात येऊन उभे राहिले. बरोबर एक वळकटी, एक डबा आणि फडक्यात बांधलेली बाजरी.

"मनमाडची गाडी कवा हाय?" अप्पांनी विचारलं. जसं काही ते रोज मनमाडला जातात.

मी दुकान बंद केलं आणि त्यांना स्टेशनवर घेऊन गेलो. मनमाडला गाडी कशी बदलायची, मुंबईला उतरल्यावर कोणाला विचारायचं, ते सांगितलं. पत्ता मानवतच्या बहिणीकडून मिळाला होता. गाडी लागली. पार्वतीबाई खिडकीशी बसल्या. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तिथं गेल्यावर काय बोलायचं, ते आमचं अजून ठरंना, भाऊ."

अप्पा समोरच्या बाकावर डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करत होते. वर न बघता म्हणाले, "तू आधी बोल. मी मागून बोलतो."

ते परतले तेव्हा होळी होऊन गेली होती. अप्पा एकटेच दुकानात आले, पार्वतीबाई स्टेशनवर सामानापाशी थांबल्या होत्या. मी चहा मागवला. त्यांनी मुंबईच्या विजेची तारीफ केली. तिथं दिवा जरासुद्धा हलत नाही म्हणाले. मी मान डोलावत होतो, पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. शेवटी विचारलंच.

"मग आधी कोण बोललं, अप्पा?"

"कोणीच न्हाई," अप्पा म्हणाले. "तिनं दार उघडलं अन् नुसती बगत राहिली. कडेवर पोरगं होतं. आमाला कुठं मालूम होतं पोरगं हाय म्हून. गिरिजाच्या मायनं काय केलं, दोन्ही हात पुढं करून ते पोरगं घेतलं."

"मग?"

"मग काय. अनोळखी माणसं बगून ते रडायलागलं. त्याला गप करता करता सगळेच बोलायलागलो."